दाजींचा शून्य आणि माझे चारशे अडतीस

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण गणपती जवळ आलेत, मंडळांच्या बैठका सुरू झाल्यात आणि प्रत्येक बैठकीत "यंदा हृदयरोग तपासणी शिबिर घेऊया" असं कुणीतरी म्हणतंच. गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या बैठकीत ते मीच म्हणालो होतो. त्या शिबिरातून दोन माणसं दोन रिपोर्ट घेऊन बाहेर पडली, एक मी आणि एक माझे दाजी. त्यानंतर जे झालं ते वर्षभर मनात ठेवलं. आता लिहितो, कारण शिबिराच्या फ्लेक्सवर माझा हात जोडलेला फोटो होता आणि ती जबाबदारी माझी आहे.

आधी शिबिराचं सांगतो. एका खासगी रुग्णालयाचे लोक आमच्याकडे आले होते. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका रुग्णालयाचा नाही. ईसीजी आणि रक्तातली साखर मोफत, आणि "कोरोनरी कॅल्शियम स्कोअर" नावाचा सीटी स्कॅन सवलतीत. मंडळानं नोंदवलेल्या प्रत्येकाला कूपन. एका तरुण कार्यकर्त्याच्या वडिलांना त्याच उन्हाळ्यात झटका आला होता, त्यामुळे सगळे घाबरलेले होते. सत्तरच्या वर कूपनं गेली. मी सगळ्यांना फोन करून बोलावलं. कोरेगाव तालुक्यातून बहिणीला आणि दाजींनाही बोलावून घेतलं. दाजी येत नव्हते. "मला काय धाड भरलीय, दादा?" म्हणत होते. मी जबरदस्ती केली.

स्कॅन सोपा असतो. इंजेक्शन नाही, दुखत नाही. छातीला तारा लावून झोपवतात, श्वास रोखून धरायला सांगतात, पाच-दहा मिनिटांत मोकळे. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आले. दाजींचा आकडा शून्य. माझा ४३८.

त्या दिवशी चहाच्या टपरीवर आमच्या ग्रुपमध्ये जी चर्चा झाली ती आठवली की अजून हसू येतं आणि लाजही वाटते. एकजण म्हणाला, "चारशे अडतीस म्हणजे पास का नापास?" दुसऱ्याला वाटलं ४३८ ब्लॉकेज आहेत. तिसरा, आमच्यातला शिकलेला, म्हणाला की पाचशेपैकी आहेत. रिपोर्ट इंग्रजीत होता आणि आमच्यापैकी एकालाही तो वाचता येत नव्हता. मलाही नाही. आणि शिबिर भरवणारा मी.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या कोऑर्डिनेटर बाईंचा फोन आला. "सर, स्कोअर सिव्हियर आहे. उद्या ॲडमिट व्हा, अँजिओग्राफी करून घेऊ, लागलं तर त्याच वेळी स्टेंट. कॅम्पमधले म्हणून डिस्काउंट आहे." डॉक्टर बोलले नाहीत. मला काही त्रास होतो का, हे कुणी विचारलं नाही. माझी बायको त्या रात्री झोपली नाही. मी झोपल्याचं सोंग केलं.

आणि दाजी? दाजींना कुणाचाच फोन आला नाही. त्यांचा शून्य होता ना.

सकाळी ॲडमिट व्हायच्याऐवजी मी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. पंचवीस वर्षं ते आमच्या घरच्यांना बघतायत. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हा आकडा काय सांगतो ते आधी समजून घे. मग घाबरायचं असेल तर घाबर." पुढचं बरंचसं मी त्यांच्याकडून आणि नंतर पुण्यातल्या डॉक्टरांकडून शिकलो.

हा स्कोअर आर्थर अ‍ॅगॅट्स्टन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाच्या नावानं ओळखला जातो. १९९० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत चरबी साठते, तिथं सूज येते, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की त्या जागी कॅल्शियम जमतं. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियम हाडासारखं पांढरं दिसतं. १३० हाऊन्सफिल्ड युनिटच्या वर जी घनता दिसते ते कॅल्शियम धरायचं, त्या ठिपक्याचं क्षेत्रफळ मोजायचं, घनतेप्रमाणे त्याला एक ते चारनं गुणायचं आणि सगळ्या धमन्यांची बेरीज करायची. झाला स्कोअर. शून्य म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही. शंभरच्या आत थोडं, शंभरच्या वर बऱ्यापैकी, तीनशे-चारशेच्या वर भरपूर. त्याला वरची मर्यादा नाही, हजारही येतो, दोन हजारही येतो. त्यामुळे पाचशेपैकी वगैरे काही नसतं.

आता महत्त्वाचं. हा आकडा म्हणजे ब्लॉकेजची टक्केवारी नाही. डॉक्टरांनी मला धोमच्या कालव्याचं उदाहरण दिलं. कालव्याचं अस्तर किती ठिकाणी खराब झालंय, किती जागी डागडुजीचे सिमेंटचे डाग आहेत, हे मोजणं म्हणजे कॅल्शियम स्कोअर. डाग जास्त असतील तर कालवा जुना आणि त्रासलेला आहे, पुढे कुठंतरी फुटण्याची शक्यता जास्त आहे, एवढं नक्की. पण आज शेवटच्या शेताला पाणी पोचतंय का, हे अस्तर बघून कळत नाही. त्यासाठी शेतात जाऊन बघावं लागतं.

म्हणजे माझ्या ४३८ चा अर्थ असा होता: या माणसाच्या धमन्यांमध्ये रोग आहे, पुढच्या दहा वर्षांत झटक्याचा धोका त्याच्या वयाच्या इतरांपेक्षा जास्त आहे, औषधं आणि पथ्य आता टाळता येणार नाही. उद्या सकाळी स्टेंट टाका, असा त्याचा अर्थ नव्हता.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला. "चालताना काही होतं का?" मी कबूल केलं. चार भिंतीचा चढ चढताना वर्षभर दम लागत होता. पण माझं वजन ८८ किलो, गुडघे गेलेले, त्यामुळे दम हृदयाचा की पोटाचा हे सांगता येईना. मग ते म्हणाले, "तुझ्यासारख्याला एकदा परफ्युजन स्कॅन करून बघू. शेतात पाणी पोचतंय का ते बघू."

आपल्याकडे याला "थॅलियम टेस्ट" म्हणतात. नाव जुनं राहिलंय. आता बहुतेक ठिकाणी थॅलियम वापरत नाहीत, टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ वापरतात. तो एका औषधाला जोडून शिरेतून देतात. रक्त जिथं जाईल तिथं तो जातो आणि हृदयाच्या जिवंत स्नायूत मुरतो. मग गॅमा कॅमेरा छातीभोवती फिरून फोटो घेतो. ज्या भागाला रक्त मिळालं तो उजळ दिसतो, ज्याला मिळालं नाही तो फिका.

यात खरी गंमत दोन वेळा फोटो घेण्यात आहे. एकदा आराम असताना आणि एकदा हृदयाला ताण देऊन. आरामात असताना सत्तर टक्के अरुंद झालेली धमनीसुद्धा काम भागवते, कारण मागणीच कमी असते. उन्हाळी आवर्तनात सगळ्यांनी एकदम मोटारी सुरू केल्या की टेलएंडचा शेतकरी कोरडा राहतो, तसं ताण पडल्यावर कुठला भाग उपाशी राहतो ते दिसतं. ताणात फिका आणि आरामात उजळ, म्हणजे स्नायू जिवंत आहे पण गरजेला रक्त कमी पडतंय. दोन्ही वेळा फिका, म्हणजे तिथला स्नायू बहुधा मेलाय, व्रण राहिलाय. दोन्ही वेळा उजळ, म्हणजे पाणी सगळीकडे पोचतंय.

मला पुण्याला जावं लागलं. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. ज्यानं पंचावन्न वर्षं उठल्या उठल्या चहा घेतलाय त्याला विचारा हे काय असतं. पण कारण आहे. गुडघ्यामुळे मला ट्रेडमिलवर पळवणं शक्य नव्हतं, म्हणून ॲडेनोसिन नावाचं औषध शिरेतून देऊन रक्तवाहिन्या रुंदावणार होते, आणि चहा-कॉफीतलं कॅफिन त्या औषधाचा परिणाम मारून टाकतं. ज्यांना दमा आहे त्यांनी हे आधीच सांगायचं असतं, त्यांना हे औषध सहसा देत नाहीत. औषध चालू झालं तसा चेहरा तापला, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं, श्वास अपुरा वाटला. मला वाटलं, संपलं. शेजारची सिस्टर म्हणाली, "काका, एक-दोन मिनिटं, थांबवलं की जातं." थांबवलं आणि खरंच गेलं. मग दूध-टोस्ट खाऊन बसायचं, फोटो, परत थांबायचं, परत फोटो. सकाळचा दुपारी सुटलो. खर्च साडेबारा हजार.

रिपोर्ट नॉर्मल आला. ताणातही रक्त सगळीकडे पोचत होतं. हृदयाची पंपिंग ६२ टक्के. पुण्यातले डॉक्टर म्हणाले, "अँजिओग्राफीची आत्ता गरज नाही. पण नॉर्मल आहे म्हणून सुटलात असं समजू नका. स्कोअर ४३८ आहे तो आहेच." स्टॅटिन सुरू झाली, बीपीची गोळी बदलली, वजन कमी करायला सांगितलं. दमाचं कारण पोटच होतं. नऊ किलो कमी केल्यावर चार भिंतीचा चढ आता बोलत बोलत चढतो.

एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली, ती इथं लिहितो. स्टॅटिन घेतल्यावर पुन्हा कॅल्शियम स्कोअर केला तर तो वाढलेला दिसू शकतो. कारण मऊ चरबी घट्ट होते आणि कॅल्शियमचा भाग वाढतो. ते वाईट लक्षण नाही. आकडा वाढला म्हणून गोळी बंद करणारे लोक त्यांनी पाहिलेत.

इथपर्यंत माझी गोष्ट. आता दाजींची.

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू होती. दाजी ५४ वर्षांचे. आठ वर्षं साखरेचा आजार. तंबाखू विशीपासून, रोज दोन-तीन पुड्या. पोती ट्रॉलीत टाकताना त्यांना छातीत जड झालं. डाव्या हातात कळ. बसले की थांबायचं. बहीण म्हणाली, दवाखान्यात चला. दाजींनी खिशातून मोबाईल काढला, तो रिपोर्टचा फोटो तिला दाखवला आणि म्हणाले, "दादानंच केलंय की चेकिंग. शून्य आलाय. पित्त असंल." सहा दिवस त्यांनी सोड्याच्या बाटल्या पिऊन काढले. सातव्या रात्री दोन वाजता घामानं न्हाऊन निघाले. तालुक्याच्या ठिकाणी ईसीजी काढला तोवर साडेतीन, साताऱ्यात पोचेतो साडेचार.

वाचले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी झाली, एक रुपया लागला नाही. ज्या सरकारी योजनेला आपण उठता-बसता नावं ठेवतो तिनंच माझ्या बहिणीचं कुंकू राखलं, हे लिहायलाच पाहिजे. पण स्नायू गेला तो गेला. पंपिंग ४० टक्क्यांवर आली.

मी आयसीयूच्या बाहेर बसलो होतो. बहीण रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "दादा, शून्य म्हणजे काय असतं?"

तिला तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आता देतो.

शून्य स्कोअर खोटा नव्हता. मशीनही चुकलं नव्हतं. ज्याला काही त्रास नाही अशा माणसाचा शून्य आला तर पुढची काही वर्षं धोका खरोखर कमी असतो. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या "मेसा" नावाच्या मोठ्या अभ्यासात ६,८१४ लोकांना वर्षानुवर्षं बघून हे दिसलंय. पण स्कॅन फक्त कॅल्शियम बघतो. जी चरबी अजून मऊ आहे, जिच्यात कॅल्शियम जमलेलं नाही, ती त्याला दिसत नाही. आणि बऱ्याचदा तीच फुटते. ती फुटली की तिच्यावर रक्ताची गुठळी होते आणि तासाभरात धमनी बंद. तंबाखू आणि मधुमेह असलेल्या माणसात हा धोका शून्य स्कोअर असतानाही राहतो. म्हणूनच अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की स्कोअर शून्य आला तर स्टॅटिन पुढं ढकलायला हरकत नाही, पण ज्याला मधुमेह आहे, जो सिगारेट ओढतो किंवा ज्याच्या घरात कमी वयात हृदयरोग झालाय, त्याला ही सवलत नाही. सिगारेट लिहिलीय, पण आपल्याकडे चघळायच्या तंबाखूलाही तोच न्याय लावायला हवा. ५२ देशांत झालेल्या "इंटरहार्ट" अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याचा धोका दुपटीच्या वर दिसला होता. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांतल्यांना ५९ व्या. "मिश्री लावल्यानं काय होतंय" म्हणणाऱ्या आपल्या आया-मावश्यांनाही हे वाचून दाखवा.

आणखी एक. मेसा अभ्यासात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे अमेरिकन होते, आपले लोक नव्हते. अमेरिकेत गेलेल्या आपल्याकडच्या लोकांवर २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या परिसरात वेगळा अभ्यास सुरू झाला. त्याचं नाव खरंच "मसाला" आहे. आपल्यापैकी ज्यांची मुलं तिकडं आहेत त्यांनी त्यांना हे नाव जरूर सांगावं.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. कॅल्शियम स्कोअर ही त्रास नसलेल्या माणसाची पुढचा धोका समजून घ्यायची तपासणी आहे. चालू दुखण्याचं ते उत्तर नाही. ज्या क्षणी दाजींच्या छातीत जड झालं त्या क्षणी तो शून्य रद्द झाला. तेव्हा लागतो ईसीजी, रक्तातली ट्रोपोनिनची तपासणी आणि डॉक्टर. तेही तासाभरात, सहा दिवसांनी नाही. हे एक वाक्य शिबिरात कुणी सांगितलं असतं, रिपोर्टखाली मराठीत छापलं असतं, तर माझे दाजी आज पोती उचलत असते.

ते वाक्य सांगायचं काम रुग्णालयाचं होतंच. पण माझंही होतं. ज्याला ४३८ आला त्याच्यामागे फोन लागले, कारण त्यात धंदा होता. शून्यवाल्याला फोन करण्यात कुणाचाच फायदा नव्हता. मधुमेह आणि तंबाखू असलेला माणूस रिपोर्ट घेऊन घरी गेला आणि "तंबाखू सोडा" एवढंही कुणी म्हणालं नाही.

फेब्रुवारीत दाजींचा परफ्युजन स्कॅन झाला. त्यांच्या दुसऱ्या एका धमनीत मध्यम अरुंदपणा होता आणि तिथंही स्टेंट टाकायचा का हा प्रश्न होता. मी फोटो बघितले. रंगीत गोल चकत्या असतात, उजळ पिवळा-केशरी रंग म्हणजे भरपूर रक्त. दाजींच्या चकतीच्या पुढच्या बाजूला एक काळपट घास घेतल्यासारखा भाग होता. ताणातही तसाच, आरामातही तसाच. डॉक्टर म्हणाले, हा व्रण. दुसऱ्या धमनीच्या वाट्याचा भाग दोन्ही वेळा उजळ. म्हणजे तिथं स्टेंट नको, औषधं पुरेत. दाजी बराच वेळ त्या काळ्या भागाकडे बघत होते. मग म्हणाले, "वांझोटं रान झालं म्हणायचं एवढं."

म्हणून माझं म्हणणं तपासण्यांच्या विरोधात नाही. योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य प्रश्नासाठी केलेली तपासणी सोन्यासारखी आहे. एकाच स्कॅननं मला एका अँजिओग्राफीतून वाचवलं आणि दाजींना दुसऱ्या स्टेंटमधून. मर्यादा तिलाही आहेत. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळं हृदय सारखंच फिकं पडतं आणि फोटो फसवू शकतो. किरणोत्सर्गही आहे. कॅल्शियम स्कॅनला साधारण एक मिलिसिव्हर्ट, परफ्युजनला दहाच्या आसपास, आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला अडीचच्या आसपास मिळतोच. म्हणजे हौसेखातर दरवर्षी करायची ही गोष्ट नाही.

स्टेंटबद्दलही बोलतो, कारण "ब्लॉकेज दिसलं की स्टेंट टाकून मोकळं व्हावं" हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. झटका चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, दाजी त्याचं जिवंत उदाहरण आहेत. पण झटका नसताना? २०२० साली "इस्केमिया" नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३७ देश, ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. सगळ्यांच्या ताण चाचणीत रक्तपुरवठा चांगलाच कमी दिसलेला. अर्ध्यांना आधी अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी फक्त औषधं. तीन-साडेतीन वर्षांनी दोन्ही गटांत झटके आणि मृत्यू यांत मोठा फरक दिसला नाही. ज्यांना छातीत दुखायचं त्यांचं दुखणं मात्र स्टेंटवाल्यांत जास्त कमी झालं. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फार कमजोर असलेले लोक या अभ्यासात नव्हते, त्यामुळे तुमचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशीच बोलून करा. माझी पोस्ट दाखवून गोळी बंद करू नका. पण "उद्याच ॲडमिट व्हा" असा फोन आला तर "मला त्रास काय आहे, घाई का आहे, औषधानं चालणार नाही का" हे तीन प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आता सार्वजनिक मुद्दा. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट २९,६०० आणि साधा ७,२६० रुपये. चांगलं झालं. योजनेत अँजिओप्लास्टी मोफत होते, तेही चांगलं. पण स्टेंटची गरज आहे का नाही हे ठरवणारी तपासणी बाहेरून करायची तर ते साडेबारा हजार पेशंटच्या खिशातून जातात. ज्याच्याकडे ते नाहीत तो एकतर काहीच करत नाही, नाहीतर थेट टेबलावर जातो. शिवाय टेक्नेशियम सहा तासांत निम्मा होतो, तो ज्या मोलिब्डेनमपासून काढतात ते पावणेतीन दिवसांत निम्मं होतं. म्हणजे ही सोय प्रत्येक तालुक्यात होणार नाही, हे मान्य. पण प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू स्थितीतलं ईसीजी मशीन, रात्री ते काढणारा माणूस आणि तो ईसीजी मोबाईलवर वाचून सांगणारा तज्ज्ञ, हे होऊ शकतं. दाजींचा दीड तास तिथंच गेला. आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायचा प्रश्न हा आहे. शिबिराच्या उद्घाटनाला येतात तेव्हाच विचारा, माईक हातात असतो.

आमच्या मंडळानं यंदा ठरवलंय ते सांगतो. शिबिर होणार, पण सीटी स्कॅनची कूपनं नाहीत. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर आणि तंबाखूचा प्रश्न. बीपी किंवा साखर जास्त निघाली त्यांची वही ठेवणार आणि तीन महिन्यांनी कार्यकर्ते घरी जाऊन "गोळी चालू आहे का" विचारणार. ज्यांना खरंच स्कॅनची गरज आहे ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. आणि प्रत्येकाच्या हातात मराठीत एक चिठ्ठी: "छातीत जड वाटलं, हात-जबडा-पाठ दुखली, घाम सुटला, चालताना पूर्वी नव्हता असा दम लागला, तर आधीचा कुठलाही रिपोर्ट बाजूला ठेवा. ताबडतोब ईसीजी. १०८ ला फोन."

चिठ्ठीचा मजकूर डॉक्टरांनी तपासून दिला. "आधीचा कुठलाही रिपोर्ट बाजूला ठेवा" हे वाक्य दाजींनी घालायला लावलं.

दाजींनी तंबाखू सोडली, ऑक्टोबरपासून. शेत वाट्यानं दिलंय, बांधावर बसून असतात. त्या शून्याचा फोटो त्यांनी मोबाईलमधून अजून काढलेला नाही. मी एकदा म्हणालो, "दाजी, काढून टाका की तो." म्हणाले, "राहू दे दादा. शिबिराला कुणी पोरगं फुशारकी मारत आलं तर दाखवीन."

शिबिराला ते येणार आहेत. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय.

तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर ही पोस्ट जरूर टाका. नाव माझं नाही टाकलं तरी चालेल.